कानातलं मशीन

जव्हारकडून साखरशेतला जाणाऱ्या रस्त्याचा एक नियम होता. तो कुणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत असत. वाटेत माणूस भेटला की त्याला विचारायचं, "कुठं रं?" आणि त्यानं म्हणायचं, "इथंच." मग तो शेजारच्या पाड्यावर निघालेला असो की चार महिन्यांसाठी ठाण्याकडे वीटभट्टीवर, उत्तर एकच. प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता, उत्तराला तर मुळीच नव्हता. पण ते दिलं नाही तर गावात चर्चा होई. उत्तर न देणारा एकतर भांडलेला असे, नाहीतर त्याच्या घरात काही वाईट घडलेलं असे. तिसरं कारण तोवर कुणाला सापडलं नव्हतं.

ते शहाण्णव सालच्या दिवाळीत सुदर्शननं आणलं.

सुदर्शन हा साखरशेतच्या मंगळूचा एकुलता मुलगा. जव्हारला पंचायत समितीत कारकून होता आणि रोज सायकलनं जा-ये करायचा. नोकरीत कायम झाल्याच्या आनंदात त्यानं उल्हासनगरहून एक वॉकमन आणला. काळी डबी शर्टाच्या खिशात आणि तिच्यातून निघालेली वायर गळ्याशी दुभागून दोन्ही कानांत. तेव्हापासून तो रस्ता किलोमीटरमध्ये मोजेनासा झाला, गाण्यांत मोजू लागला. संध्याकाळी परतताना साखरशेतचा उतार कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला लागे. तिथं पेडल मारायची गरज नसे. हँडलवर बोटांनी ठेका धरायचा, मान डोलवायची आणि सायकल सोडून द्यायची. सायकलची घंटी बिघडली होती. ती दुरुस्त करायचं त्याला सुचलं नाही, कारण ती वाजत नाही हे त्याला ऐकूच आलं नव्हतं.

पहिला महिनाभर लोकांनी त्याला "कुठं रं?" विचारून पाहिलं. तो मान डोलवत निघून जाई. मग लोकांनी विचारणं सोडलं. नुसतं सोडलं नाही, ते त्याच्याशी फार मायेनं वागू लागले. तो फर्लांगभर लांब असतानाच म्हातारे बैल रस्त्याखाली घेत. बाया पोरांना हाताला धरून कडेला ओढत आणि तो पुढं जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. चहाच्या टपरीवर मालक काही न बोलता एक बोट वर करी, सुदर्शननंही एक बोट वर केलं की चहा येई, आणि पैसे घेताना मालक त्याच्या खांद्यावर हलकेच थोपटी.

सुदर्शनला वाटलं, कायम झाल्यावर माणसाला असा मान मिळतो.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात पोशेऱ्याहून स्थळ सांगून आलं. रघु गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक होते, त्यांची मुलगी हर्षाली. निरोप घेऊन आला मुलीचा मामा, सखा. मंगळूनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि सखा सरळ मुद्द्यावर आला.

"आमाला सगळं माहीत हाय," तो म्हणाला. "आमची काय हरकत नाय."

मंगळूनं वर पाहिलं. कौलांतून तीन ठिकाणी ऊन खाली येत होतं. "यंदा करून घेणारच होतो," तो ओशाळून म्हणाला.

"करा, नायतर राहू द्या. गुरुजी म्हणतात, तसंच असलं तरी चालंल. उलट बरंच."

कौलांच्या बाबतीत इतका समजूतदार पाहुणा मंगळूला जन्मात भेटला नव्हता. त्यानं लगेच रविवार ठरवला.

रविवारी सुदर्शन, मंगळू आणि सुदर्शनची आई भागी असे तिघं एस.टी.नं पोशेऱ्याला गेले. निघताना भागीनं वॉकमन काढून खुंटीला अडकवला. "आज तरी कान उघडे ठेव," ती म्हणाली. "पोरगी काय बोलते ते ऐकून ये."

तसं ते ऐकायला मिळणारच होतं.

गुरुजींनी मंगळूला रामराम घातला आणि सुदर्शनकडे वळून दोन्ही हात जोडले. मग घोंगडीकडे बोट दाखवलं, मग बसायची खूण केली, मग तो बसल्यावर शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवल्यामुळे त्यांना खाणाखुणा छान जमत. सुदर्शनला वाटलं, गुरुजींचा घसा बसला असावा. पण पुढच्याच क्षणी ते मंगळूला खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, बैल दाखवतो." मंगळू आणि सखा त्यांच्यामागून गोठ्याकडे गेले. भागीला बायकांनी चुलीपाशी नेलं. पडवीत सुदर्शन उरला आणि समोर भिंतीला टेकून गुरुजींची आई, गोदी. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हातानं ती वाल सोलत होती.

हर्षाली पोहे आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. तिनं पोहे खाली ठेवले, कमरेवर हात ठेवला आणि भाजी निवडावी तसं सुदर्शनला बघितलं.

"आजी, हाच का गं?"

"हाच तो. तीच मान. बघ, आताही हलवतोय."

सुदर्शननं मान हलवणं थांबवलं. घर मोकळंढाकळं आहे, असं त्यानं मनात म्हटलं.

"कान तर चांगले दिसतात," हर्षाली म्हणाली. "चांगले काय, मोठेच हायेत."

"मोठं असून काय करायचं? आतून गेलेत. जव्हारच्या सर्कलसाहेबाचा एक कान गेला तर त्याच्या मशीनला एक वायर. याला दोन हायेत. म्हणजे बघ."

सुदर्शनच्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला. जव्हारचे निवृत्त सर्कलसाहेब त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. खिशात डबी, डबीतून वायर, वायर कानात. बैल रस्त्याखाली घेणारे म्हातारे दिसले. टपरीवाल्यानं वर केलेलं बोट दिसलं. सहा महिने अख्खा रस्ता आपल्याला बहिरा समजत होता, आणि आपण त्याला मान समजत होतो. त्यानं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात गोदीनं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि ती पुढं बोलू लागली.

"मी साखरशेतच्या पलीकडं बहिणीकडं गेलेली. येताना डोक्यावर सहा नव्या टोपल्या, एकीत एक घातलेल्या. उतारावर मागून काय लागलं काय कळलं नाय, मी थेट गटारात. हात खाली सापडला, कट्टकन वाजला. टोपल्या दरीत. मी वराडले, आरं थांब बाबा, हात मोडला. तर हा आपला मान डोलवत गेला. हो हो, मोडला, मोडला, असं म्हणत जावं तसा."

"तू सांगितलंस हे शंभरदा."

"सांगणारच. पाच टोपल्या मिळाल्या, सहावी अजून खालीच हाय. गावचे लोक म्हणाले, पोराच्या बापाला काय सांगू नका, त्याला आधीच पोराच्या कानाचं दुःख हाय."

सुदर्शनला प्लास्टरवर पेनानं लिहिलेली तारीख दिसली. अकरा एप्रिल.

त्या संध्याकाळी उतारावर तिसरं गाणं मध्येच अडखळलं होतं. सायकलला उजवीकडून हिसका बसला होता, आणि त्याला वाटलं, दगड. घरी गेल्यावर त्यानं वॉकमन उघडून स्पिरिटच्या बोळ्यानं आतलं हेड पुसलं होतं. एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुसलं होतं. मग तेच गाणं तीनदा लावून, कॅसेट खराब तर झाली नाही ना, याची खात्री करून तो जेवायला बसला होता. त्या वेळी ही म्हातारी जव्हारच्या दवाखान्यात बाकावर बसलेली असणार.

"आणि बाबा पण कमालच," हर्षाली सांगत होती. "तक्रार करायला गेले आणि स्थळ घेऊन आले."

"बहिऱ्यावर कसला राग धरायचा गं? देवानंच त्याला तसा केला. ऐकू येऊन गेला असता तर सायकलीसकट त्याला आपल्या विहिरीत घातला असता मी. याच हातानं." तिनं प्लास्टरचा हात उचलून दाखवला.

"ऐकू येऊन गेला असता तर मी पाणी पण दिलं नसतं," हर्षाली म्हणाली आणि पाण्याचा पेला तिनं सुदर्शनपुढं सरकवला. मग तिला काहीतरी सुचलं. "थांब, बघते." ती त्याच्या मागं गेली आणि तिनं भिंतीला टेकवलेलं पितळेचं ताट फरशीवर सोडून दिलं.

अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. गोठ्यात बैल हंबरला. सुदर्शन हलला नाही. सोंग म्हणून नव्हे. त्याला खरोखरच ते ऐकू आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात तिसरं गाणं अडखळत होतं, पुन्हा पुन्हा त्याच जागी.

"बिचारा," हर्षाली म्हणाली, आणि तिनं त्याच्या पोह्यांवर आणखी मूठभर खोबरं घातलं.

ताटाच्या आवाजानं बाहेर गेलेले परत आले. गुरुजी बोलत बोलतच पायरी चढले. "माझ्या अकरा बदल्या झाल्या, मंगळूभाऊ. अकरा. एकाही गावात लावलेला आंबा मी कधी खाल्ला नाही. तुम्ही त्याचा दाखला तेवढा काढून घ्या. एकदा बहिरेपणाचा दाखला लागला की बदलीचं नाव नको. जावई जन्मभर जव्हारला. मुलगी डोळ्यांसमोर."

"दाखला कुणाचा?" मंगळूनं विचारलं.

"मुलाचा. कानांचा."

मंगळू पायरीवरच थांबला. "म्हणजे सखाभाऊ त्या दिवशी कौलांचं नव्हते बोलत?"

"कसली कौलं?" सखा म्हणाला.

कुणालाच काही कळेना, म्हणून सगळ्यांनी सुदर्शनकडे पाहिलं. मंगळूचा आवाज मुळातच बारीक. तो आणखी बारीक झाला. "सुदर्शन, तुला ऐकू येत नाय का रं?"

सुदर्शनच्या पुढं पाण्याचा पेला होता आणि पेल्यामागं हर्षाली उभी होती. खोबरं घालताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं पाहिलं होतं. नुसतं गप्प बसलं की सगळं जमत होतं. लग्न होत होतं, बदली टळत होती, म्हातारीचा हात देवाच्या माथी जात होता. त्याला फक्त सहा महिने केलं तेच करायचं होतं, ऐकायचं नव्हतं.

"येतं," तो म्हणाला.

गोदीच्या हातातली वालाची शेंग तशीच राहिली.

"कधीपासून?" गुरुजींनी विचारलं, एखाद्या आजाराबद्दल विचारावं तसं.

"पहिल्यापासूनच."

"आणि ते कानातलं मशीन?"

"गाणी ऐकायचं असतं ते."

"गाणी," गोदी म्हणाली. तिनं तो शब्द इतक्या शांतपणे उच्चारला की सुदर्शनला, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटलं.

"आजी, मला वाटलं दगड लागला," तो म्हणाला. बोलल्यावर त्याला कळलं, हे न बोललेलंच बरं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात भागी येऊन उभी राहिली होती. आधी तिनं म्हातारीच्या हाताकडे पाहिलं, मग पोराकडे. तोंडाला पदर लावून ती तिथंच खाली बसली. गुरुजी स्वतःशीच पुटपुटले, "म्हणजे याची बदली होणार." सखा अजून कौलांचा विचार करत असावा.

हर्षाली वाकली. तिनं पाण्याचा भरलेला पेला उचलला आणि आत घेऊन गेली.

पोहे तसेच राहिले. त्यांवर खोबरं जरा जास्तच होतं.

 परतताना एस.टी.त भागी खिडकीतून बाहेर बघत होती. जव्हार आल्यावर मंगळू एवढंच म्हणाला, "मी पण नीट ऐकलं नाय. तो सखा काय बोलतो, ते मी कुठं विचारलं? मी आपला वर बघत बसलो."

पुढच्या रविवारी सकाळी सुदर्शन सायकल घेऊन निघाला. वॉकमन खुंटीलाच होता. उतारावर त्यानं सायकल झाडाला टेकवली आणि तो करवंदीच्या जाळ्यांतून खाली दरीत उतरला. वर रस्त्यानं जाणारे दोघं थांबले.

"बहिऱ्याचं काय पडलं रं खाली?"

"त्याला विचारून काय उपेग? चल."

हे त्याला स्वच्छ ऐकू आलं. तास-दीड तासानं, हातापायांवर ओरखडे घेऊन, त्याला एका खडकाच्या कपारीत टोपली सापडली. काठ थोडा उसवला होता. ती त्यानं कॅरियरला बांधली, जव्हारला आधी घंटी दुरुस्त करून घेतली आणि मग पोशेऱ्याला जायला मोखाड्याचा रस्ता धरला. वाटेत भेटेल त्याला तो विचारत सुटला, "कुठं?" ओळखीचे लोक दचकत. काहींनी धीर करून हाताच्या खुणेनं सांगितलं, इथंच.

पोशेऱ्याला पोचायला दुपार झाली. हर्षाली अंगणात वाळवण राखत बसली होती. तिनं टोपलीकडे पाहिलं, त्याच्या ओरखडलेल्या हातांकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्या कानांकडे पाहिलं. ते मोकळे होते.

"कुठं?" तिनं विचारलं. इतक्या हळू की लक्ष नसतं तर ऐकू आलं नसतं.

"इथंच," सुदर्शन म्हणाला.

"कोण हाय गं?" आतून गोदीचा आवाज आला.

"दगडवाला."

 मग गोदी म्हणाली, "बसव त्याला पडवीत. पाण्याचं मागनं बघू."