बिल्डच्या पत्त्यावरून

आमच्या कंपनीत सगळ्या टीमचे प्रोग्राम एकाच ठिकाणच्या सर्व्हरवर बांधले जातात. त्याला बिल्ड म्हणतात. ते सर्व्हर सांभाळते मी. ते चालू असले की मी कुणाच्या खिजगणतीत नसते, बंद पडले की सगळ्यांना माझा पुळका येतो.

सोमवारी जुने सर्व्हर काढून नवे लावायचे होते आणि सोमवारीच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोन्ही तारखा दुसऱ्यांनी ठरवलेल्या. आई आयुष्यात कुणाला घाबरली नाही, पण डोळ्यात सुई टोचणार म्हटल्यावर तिचा धीर सुटला. "आत नेईपर्यंत जवळ बस गं," एवढंच तिचं मागणं. म्हणून तर मी महिनाभर कंठशोष केला. पहिल्या सूचनेत सगळ्या टीमना लिहिलं, 'जुन्या सर्व्हरचा पत्ता बदला, नाहीतर बिल्ड बंद पडेल.' साहेबांनी 'बंद पडेल' खोडून 'क्वचित अडचण येऊ शकेल' केलं. लोक उगाच घाबरतात म्हणे. अहो, घाबरावं म्हणूनच लिहिलं होतं! मग आणखी दोन सूचना पाठवल्या. कुणाचं उत्तर नाही. आमच्याकडे उत्तर आलं नाही की तो होकार धरतात. मीही धरला.

सोमवारी सकाळी घरूनच बदल केला आणि आईला घेऊन हॉस्पिटल गाठलं. तिच्या डोळ्यात थेंब घालून तिला बाकावर बसवलं, तोच घाईबाईचा फोन. घाईबाई म्हणजे मोबाइल अ‍ॅपच्या टीमची प्रमुख. तिचं प्रत्येक काम कालच व्हायला हवं असतं.

"अगं, आमचं बिल्ड पडलं आणि मागे सगळ्यांची रांग अडकलीय! दुपारी अ‍ॅप द्यायचंय. आधी सांगायचं तरी!"

"तीनदा सांगितलं."

"कुठे? मला एक मेल नाही."

"बिल्डच्या पत्त्यावरून पाठवले होते."

"अगं बाई, त्या पत्त्यावरून दिवसभर मशीनचेच मेल येतात. ते परस्पर बाजूच्या फोल्डरमध्ये जायची सोय तूच नाही का सगळ्यांना करून दिलीस?"

खरंच, मीच करून दिली होती, आणि वर शाबासकीही घेतली होती. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा.

"आजच्यापुरते जुने सर्व्हर परत लाव ना," ती गयावया करू लागली.

मी आईकडे पाहिलं. "जा, बोलून घे," आई म्हणाली.

नेटवर्क फक्त जिन्यापाशी येत होतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसले. परवानगीसाठी साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "पण सूचना दिली होतीस ना?" काय बोलणार, कप्पाळ! जुने सर्व्हर परत जोडले. महिन्याची मेहनत पाण्यात गेली. आता पुन्हा तारीख, पुन्हा सूचना. इतका कंटाळा आला की उठवेना.

परत आले तर बाक रिकामा. धावत नर्सला गाठलं.

"त्यांना आत नेलं," नर्स म्हणाली.

"अहो, मला हाक तरी मारायची!"

"मारणार होते. त्यांनीच अडवलं. म्हणाल्या, महिनाभर पोरीचं कुणी ऐकत नव्हतं, आज ऐकतायत तर बोलू दे तिला."