शकूबायचा पाय

शकूबाय आईच्या पोटातून पायांनी बाहेर आली, आणि तीही एकदम नाही. आधी उजवा पाय बाहेर काढून तिनं म्हणे जगाचा अंदाज घेतला, जग पसंत पडलं नाही म्हणून पाय परत आत ओढला, आणि सुईणीनं गुळाचा खडा दाखवल्यावर मगच बाकीची शकू खाली उतरली. सुईण आता हयात नाही, त्यामुळे हे खोटं म्हणायला कोणी उरलेलं नाही.

पायाळू माणसाच्या पायात गुण असतो हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. शकूबायच्या पायात तो दोघांपुरता होता. कुणाच्या पाठीत चमक भरली की तो तिच्या ओट्यावर येऊन उपडा पडायचा. ती भिंतीला हात टेकून उजव्या पायानं तीनदा दाबायची आणि तिसऱ्या दाबाला माणूस उठून बसायचा. पाम गावच्या भाजीवाल्या यायच्या, बोयसरच्या कारखान्यांतली परमुलखातली पोरं ‘माताजी, माताजी’ करत यायची. एका फौजदाराची पाठ तिनं इतकी सरळ केली की त्याला साहेबापुढं वाकताच येईना, आणि त्यापायी बिचाऱ्याची बदली झाली. आभाळ कडाडलं की मात्र ती पाय पोटाशी घेऊन पाटावर बसायची, कारण पायाळू माणसाला वीज शोधत येते. दोनदा आलीही होती. पत्ता चुकून शेजारच्या ताडावर पडली.

अशा बाईच्या पोटच्या पोराचीच पाठ दुखत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मितेश चौतीस वर्षांचा. बाप महादू गेल्यापासून घरच्या बोटीवर तोच तांडेल. समुद्रात कुठं जाळं टाकायचं, कुठून वळायचं, हे तो ठरवणार आणि बाकीचे ऐकणार. पण सकाळी हाच तांडेल अंथरुणाला असा चिकटलेला असायचा, की वलांडीच्या बांबूवर वाळलेला बोंबील सोडवून काढावा तसं त्याला बायकोनं हळूहळू सोडवावं. तासाभरानं जरा हलायला लागायचा, दुपारी तर अगदी धड. म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ओल बाधली, जाळी ओढून पाठ धरली, असं चालायचं. घरी असला की रोज सकाळी शकूबाय त्याच्या पाठीवर पाय द्यायची. त्याला बरं वाटायचं. निदान तो तसं म्हणायचा.

यंदा जेठात, बोटी किनाऱ्याला ओढून ठेवल्यावर, त्याचा डावा डोळा लाल झाला. साधा लाल नाही, उजेड बघवेना. जागृतीनं, त्याच्या बायकोनं, त्याला पालघरला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं डोळा बघितला आणि विचारलं, “सकाळी पाठ आखडते का?”

घरी आल्यावर हे ऐकून शकूबाय हसली. “डोल्याचा डॉक्टर पाठीचं इचारतो. उद्या न्हावी दात बगंल.”

पण त्या डॉक्टरनं सांध्यांच्या डॉक्टरकडे धाडलं, त्यानं रक्त घेतलं, मोठ्या मशीनमध्ये घालून पाठीचे फोटो काढवले, आणि महिन्याभरानं आजाराला नाव मिळालं. नाव एवढं लांब होतं की मितेशला ते बोलता बोलता धाप लागली. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस.

जागृतीनं चुलीपाशी बसून सासूला समजावलं. “आई, मणक्यांना आतून सूज आहे. वर्षानुवर्षं सुजून सुजून मणके एकमेकांना धरायला लागलेत. खाली कमरेत धरलेत, आता वर चाललंय.”

“मग बरं कदी होनार?”

“बरं नाय होणार. आवरून धरायचं. गोळ्या, नाहीच भागलं तर इंजेक्शनं, विडी बंद, आणि रोज हालचाल. पडून राहिलं की वाढतं ते.”

“पडल्यानं वाढतं आनि कामानं उतरतं? असला उलटा आजार कुटं असतो?”

“हाच उलटा आहे.” जागृतीनं भाताचं झाकण काढलं, परत ठेवलं. “आणखी एक सांगितलंय. पाठीवर पाय द्यायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. जिथं हाडानं हाड धरलं, तिथं ते वाकत नाही. दाबलं तर मोडतं.”

सुनेशी न भांडता शकूबायनं जेवण संपवलं, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

आषाढ असा गेला की तसा कुत्र्याच्याही वाट्याला येऊ नये. मितेशनं आजाराचं नाव एकदा ऐकलं आणि तो आडवा झाला, तो झालाच. जागृती सकाळी भिंतीशी उभं राहायला सांगायची, हात वर न्यायला सांगायची. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. ती कारखान्यात पॅकिंगला गेली की शेजारपाजारचे यायचे. आजाऱ्याला आराम हवा, हे सगळ्यांना आईच्या दुधापासून ठाऊक. कुणी निवट्या मासळीचा रस्सा आणला, कुणी जाड गादी. शकूबाय त्याला उशाशी वाढायची. जितका आराम, तितकी पाठ लाकूड. हळूहळू त्याला मान वळवून हाक मारणाऱ्याकडं बघता येईना. सगळं अंग वळवावं लागे, आणि तेवढ्या कष्टाला कुणाची हाक मोलाची वाटेना, म्हणून तो ओ देणंच सोडून बसला.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमा जवळ आली, बोटी रंगल्या. मितेशचा चुलतभाऊ चिंतू एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या देता आल्या असत्या.

“दादा, बोट रिकामी ठेवून कसं? औंदा मी सुकाणावर बसतो. तू बरा झालास का तुजी तुला.”

“पुनवेला मीच बसनार,” मितेश भिंतीकडं बघून म्हणाला.

“बरं,” चिंतू म्हणाला. आणि जाताना ओट्यावर शकूबायकडं असं बघून गेला, की तिला कळलं, त्याच्याबरोबर जायचं खलाशांचं आधीच ठरलंय.

दुसऱ्या सकाळी जागृती पहिल्या पाळीला गेली होती. ओट्यावर पामच्या दोन बाया बसल्या होत्या, एकीच्या कमरेत चमक. शकूबाय पदर खोचून उठतेय तोवर आतून सरपटल्यासारखा आवाज आला. मितेश दाराची चौकट धरून बाहेर आला, अंगातला सदरा काढून टाकला आणि बायांच्या देखत ओट्यावर उपडा पडला. पडायलाही त्याला वेळ लागला. आधी गुडघे, मग हात, मग कपाळ.

“आये, पाय दे.”

“जागृती काय बोलली ते ऐकलंस ना?”

“तिला काय म्हाईत? धा वर्सं तूच दिलास ना? चार दिस उरले. पाय दे, मला बोटीवर जायाचं हाय.”

बाया सरकून बसल्या. पोटच्या पोराला आई पाय देणार, हे बघायला मिळणं म्हणजे देवळातली पालखी घरापुढून जाण्यासारखंच.

शकूबायनं भिंतीला हात टेकला. उजवा पाय उचलला आणि पोराच्या कमरेवर टेकवला. नुसता टेकवला, दाब दिला नाही.

तिच्या पायाला पाठी ओळखू यायच्या. टोपल्या वाहणारीची पाठ मानेखाली गाठाळलेली, जाळी ओढणाऱ्याची एका बाजूला फुगलेली, बाळंतिणीची ओल्या वाळूसारखी खाली जाणारी. प्रत्येक पाठ पायाखाली थोडी दबते, थोडी परत येते, जशी ओहोटीला नांगरलेली होडी. मितेशच्या पाठीची ओळख तर तो चालायला लागल्यापासूनची होती, कारण ताप आला तरी ती त्याच्या पाठीवरून पायच फिरवायची.

ही पाठ खाली गेली नाही, वरही आली नाही. पायाखाली फळी होती. फळीला निदान चीर असते.

आणि मग तिला आठवलं, नाही, आठवलं म्हणता येणार नाही, कारण ते तिला ठाऊकच होतं. दोन वर्षांपूर्वीच तिच्या पायाला हे कळलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, “चमक खोल गेलीय रे,” आणि जास्त जोर दिला होता. तो ओरडला की तिला वाटायचं, गुण लागला.

तिनं पाय काढला.

“काय झालं?” मितेश जमिनीत तोंड खुपसून म्हणाला. “दे ना.”

“नाय देत.”

“आये, दाब. तीनदा दाब, जसं समद्यांना दाबतेस.”

“नाय.”

“कारखान्यातल्या भय्यांना पाय देतेस. पोलिसाला दिलास. माज्या टायमाला काय झालं?”

शकूबाय त्याच्या डोक्याशी खाली बसली. पाय मागं दुमडून अंगाखाली घेतले, जशी वीज चमकताना बसायची. त्याला ती दिसत नव्हती. मान वळत नव्हती त्याची.

“तुजी पाट मोडंल,” ती म्हणाली.

“मोडू दे. हाय तशी तरी काय कामाची? मोडली तर मोडली, नाय तर मी बोटीवर जाईन. दे.” मग तो थांबला, आणि जे बोलला ते त्यानं शोधून काढलं होतं, जिथं लागेल तिथंच मारायचं म्हणून. “नाय तर बोल त्या बायांपुडं. बोल, तुज्या पायात गुण नाय. मग मी उठतो.”

गोष्टी सांगून सांगून सगळ्या किनाऱ्यानं त्या पायाला मोठं केलेलं, आणि त्या पायानं शकूबायला. विधवा बाईला कोळीवाड्यात कोण ओळखतं? हिला बोयसरचे रिक्षावाले ओळखायचे.

“माज्या पायात गुण नाय,” शकूबाय म्हणाली. मग बायांकडं वळून, आवाज न चढवता, “तुमीपन जा, बायांनो. डॉक्टरला दाखवा.”

चमकवाली बाई उठली तेव्हा कमरेवर हात ठेवूनच उठली. शकूबायनं पहिल्यांदाच कुणाचं दुखणं तसंच परत घरी धाडलं होतं. दुपारपर्यंत ती बातमी पार माकुणसार गावापर्यंत पोचली, आणि वाटेत तिला पाय फुटून ती अशी झाली, की शकूनं पोराची पाठ मोडली म्हणून तिचा गुण गेला. शकूबायनं ती खोडून काढली नाही. निम्मी तरी खरीच होती, तिच्या मते.

मितेश उठला नाही. तोंडानं बोलला होता उठतो म्हणून, पण उठायला जमेना. तो तसाच रडत होता, आणि उपड्या माणसाची रडताना पाठ हलते, त्याची हलत नव्हती. शकूबायनं त्याच्या काखेत हात घातले.

“हात काड.”

“चल.”

“कुटं?”

“चालायला. तुजी बायकू बोलली ना, चालल्यानं उतरतं.”

“तू तर बोललीस, उलटा आजार.”

“मीपन उलटीच,” ती म्हणाली आणि ओढलं.

त्या दिवसापासून कोळीवाड्यानं रोज एक तमाशा बघितला. उजाडायच्या आत म्हातारी पुढं, मागं तिचा चौतीस वर्षांचा पोर, हात फाकवून, ओल्या वाळूतून, म्हसोबाच्या रेड्यासारखा. तो तिला शिव्या घालायचा. कोळ्याच्या तोंडच्या शिव्या, त्यात दहा वर्षांचं दुखणं मुरलेलं. गाभोळीवाल्या मासळीनंही कान मिटावेत अशा. शकूबाय मागं वळून बघत नसे. शिव्या ऐकू येताहेत तोवर तो चालतोय, एवढा हिशेब तिला पुरे होता.

पुनवेला वाजतगाजत नारळ समुद्राला दिला. दोन दिवसांनी बोटी निघाल्या. शकूबाय पहाटे नेहमीसारखी पुढं चालत होती. घरची बोट पाण्यात उतरली, तिच्या सुकाणावर चिंतू. त्यानं किनाऱ्याकडं बघून हात वर केला, मग कुणाला केला ते न समजून खाली घेतला.

मागच्या शिव्या थांबल्या.

शकूबाय उभी राहिली. वळायचं नाही, असं तिनं ठरवलं. तो बोट बघत असेल. मान वळत नाही म्हणून सगळं अंग समुद्राकडं वळवून, ताठ, बघत असेल. बोटीच्या इंजिनाचा आवाज खाडीच्या तोंडापर्यंत गेला, तिथून पुढं बारीक झाला, मग गेला. मागं काहीच ऐकू येत नव्हतं. पाणी तिच्या घोट्यांपर्यंत येऊन परत गेलं आणि तिचे पाय थोडे वाळूत खचले.

“चल ना,” ती समोर बघत म्हणाली. “थांबलास का आकडतोस.”

“जरा उभा राहू दे, आये,” मागून आवाज आला.

तिनं त्याला उभं राहू दिलं.