पाठीवर दार बांधलेला घोडेस्वार

“मेलेला मानूस पुन्हा घोड्यावर बसलाच कसा?” मेहकरच्या तंबू टॉकीजचे मालक माणिकराव यांनी टेबलावर हात आपटला. “देवाची थट्टा केली म्हून लोकाईनं काल पडदा फाडला! हा विलायती सिनेमा तुम्हीच आनाले लावला न, मास्तर?”

“हो, मीच,” उद्धव मास्तर म्हणाले. “तो घोडेस्वार घराचं दार पाठीवर बांधून वाळवंटात फिरते. दिग्दर्शकाले मरण म्हणजे तसंच एक दार वाटते, माणिकराव. त्याच्या देशातही त्याले कोणी वेडा म्हणते, कोणी डोक्यावर घेते.”

“आपल्याकडं लायसन जाते! तुमच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षाले आजच भेटतो मी.”

मास्तरांचा चेहरा उतरला. कोपऱ्यात उभा मार्तंड ऑपरेटर हे ऐकत होता. वर्षभरापासून त्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं. बायकोला, कोकिळेलासुद्धा, त्याने हे सांगितलं नव्हतं. आंधळ्याला मशीनवर कोण ठेवणार? त्यात काल डब्यांवरच्या चिठ्ठ्या निघालेल्या. फितींच्या टोकांवरचे आकडे त्याने अदमासानेच वाचले. एका रिळात माणूस पुरला आणि पुढच्यात तो घोड्यावर! दिग्दर्शक कसला न् काय, उलटापालट आपलीच. गप्प राहिलं तर मास्तरांची नोकरी जाणार, बोललं तर आपली. तो टेबलापुढे आला.

“मालक, मास्तरायले काही म्हनू नका. रिळं म्याच उलटी लावली. मले... मले दिसत नाही.”

अठरा वर्षं आपलं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरकडे माणिकराव बघतच राहिले.

“काऊन नाही सांगतलं बे?” त्यांचा आवाज खाली आला. “लोकाईले सांगतो चूक झाली म्हून. मशीनच्या खोलीची चाबी ठेव तिथं.”

तंबूमागे मार्तंड पुढच्या गावी पाठवायची रिळं डब्यांत भरत होता. मास्तर जवळ येऊन उभे राहिले. त्याने कालच्या त्या दोन रिळांच्या फितींची टोकं उन्हात धरली.

“आकडे वाचा बरं, मास्तर.”

“हे चार. हे पाच. काल आधी कोणतं लावलं होतं?”

“हेच. चारचं.”

“मार्तंड, मग बरोबरच होतं! थांब, मालकाले सांगतो.”

मार्तंडने त्यांचा हात धरला. “नका जाऊ. दिसत नाही, हे तर खरंच हाये न? आज बरोबर लागलं, उद्याचं काय?” मग तो हळूच म्हणाला, “म्हंजे मेलेला त्या दिग्दर्शकानंच उठवला?”

“हो.”

मार्तंडने डबा सदऱ्याला पुसला आणि कोरी चिठ्ठी मास्तरांपुढे धरली.

“आकडा तुम्हीच लिहा. मोठा काढा. पुढच्या गावचा ऑपरेटर कसा हाये, कोनाले मालूम.”