वीस पोती गहू आणि मी

मित्रांनो, शेताच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक निळा मालट्रक उभा असतो. तुम्ही जाता-येता तो पाहिला असेल. त्याचा डावा दरवाजा हिरवा आहे, कारण तो दुसऱ्याच गाडीचा आहे. तो ट्रक म्हणजे मी. माझे वय एकेचाळीस वर्षे. ट्रकांच्या जगात मी केव्हाच पणजोबा झालो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याजवळ इंजिन, सहा चाके आणि केबिन एवढेच होते. पाठीवरचा हौदा एका सुताराने बांधला. तो फार चोखंदळ माणूस. फळीला फळी त्याने अशी बसवली की काम संपल्यावर हौद्यात बादलीभर पाणी ओतले, तरी खाली थेंब पडला नाही. "यातून दाणा काय, चहाडीसुद्धा बाहेर पडायची नाही," तो म्हणाला. मला विकत घेणारे बाबा त्यावर मनापासून हसले. बाबा गहू पिकवत. आता ते थकले आहेत, पण त्या काळी भरलेले पोते एकट्याने पाठीवर घेत.

बाबांच्या तरुणपणी गव्हाचे व्यापारी शेतकऱ्याला उघड उघड नाडत. वजनात मारत, भाव पाडत, आणि दारात आलेल्या माणसाला दिवसभर ताटकळत ठेवत. म्हणून बाबा आणि त्यांच्यासारखे काहीजण घरोघर फिरले, अर्ज-विनंत्या केल्या, आणि त्यातून धान्य मंडळ उभे राहिले. नियम असा झाला की त्या भागातला सगळा गहू मंडळच घेणार. दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही. मोठा शेतकरी असो की छोटा, रांग एकच आणि काटा एकच. त्या रांगेत मी ताठ उभा राहत असे. गोदामाचा मुकादम माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणे, "ही गाडी आली म्हणजे हंगाम सुरू झाला!" मला त्याचे फार अप्रूप वाटे.

पुढे बाबांचे गुडघे कुरकुरू लागले आणि माझे स्टिअरिंग त्यांच्या मुलीच्या हाती आले. तिला सगळे ताई म्हणतात. पहिल्या दिवशी तिने गिअर टाकताना माझे दात असे कराकरा वाजवले की मला वाटले, संपले सगळे. पण पंधरा दिवसांत ती बाबांपेक्षा चांगली चालवू लागली. बाबांनी हे आजतागायत कबूल केलेले नाही.

ताईची नजर फार बारीक. एका वर्षी वाऱ्याने सगळे पीक आडवे झाले, तेव्हा बांधाजवळ पंधरा-वीस ओंब्या तेवढ्या ताठ उभ्या राहिल्या. ताईने त्या वेगळ्या काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. सात वर्षे हे चालले होते. त्यातून लहान, कडक, तांबूस दाण्याचा गहू तयार झाला. सातव्या वर्षी तो घेऊन आम्ही मंडळाच्या गोदामात गेलो. ताई कारकुनाला म्हणाली, "हा जरा वेगळा ठेवाल का?" कारकुनाने मान वर न करता उत्तर दिले, "गहू म्हणजे गहू." माझा हौदा रिकामा झाला आणि ताईचा गहू समोरच्या मोठ्या ढिगात मिसळून गेला. ढिगाच्या एका बाजूला कोणाचा तरी ओलसर, किडका गहू पडला होता.  परत येताना घराजवळ आल्यावर ताई म्हणाली, "सात वर्षं निवडला, आणि सात मिनिटांत मिसळला." ती माझ्याशीच बोलत होती, कारण केबिनमध्ये दुसरे कोणी नव्हते.

घरात खाण्यापुरता गहू ठेवायला परवानगी होती. त्यातले थोडे पीठ ताईने पुलापलीकडच्या बेकरीवाल्या मावशींना दिले. चार दिवसांनी मावशींचा निरोप आला, "असला पाव माझ्या भट्टीतून आजवर निघाला नव्हता. दर महिन्याला वीस पोती पाठव." पण पूल मंडळाच्या हद्दीच्या टोकाला होता आणि पुलाच्या तोंडाशी तपासणी नाका होता. ताईने मंडळाकडे रीतसर परवानगी मागितली. तिसऱ्या खेपेला साहेबांनी समजावून सांगितले, "तुमचा गहू आधी आम्हाला द्या. मग लागेल तेवढा आमच्याकडून परत घ्या आणि कुठंही न्या."

"परत मिळेल तो माझाच असेल का?" ताईने विचारले.

साहेब जरा गोंधळले. "गव्हावर काय नाव लिहिलेलं असतं का, बाई?"

त्या दिवशी अंगणात बापलेकीचे कडाक्याचे भांडण झाले. मी समोरच उभा होतो, त्यामुळे सगळे ऐकले.

"मंडळ नसतं तर तुझ्या बापाला व्यापाऱ्यांनी केव्हाच विकून खाल्लं असतं," बाबा म्हणाले. "आज एक बाहेर गेला की उद्या दहा जातील. मग मंडळ कुणाच्या जोरावर उभं राहणार?"

"बाबा, मंडळ मोडा असं मी म्हणतच नाही. दाराला कुलूप लावू नका, एवढंच म्हणते. चांगलं असेल तर लोक आपणहून येतील की."

"चार दाणे जरा बरे काय पिकवले, मोठी शहाणी झालीस!"

"शहाणपण तुमच्याकडूनच आलंय. तुम्हीही घरोघर फिरला होतातच ना?"

बाबा उठून आत गेले. त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले. एकाच घरात राहून दोघे भिंतीला सांगितल्यासारखे बोलत, "कुणाला जेवायचं असेल तर वाढून ठेवलंय."

शेवटी एका सोमवारी ताईने वीस पोती माझ्यात भरली. त्याआधी तिने मंडळाला पत्र लिहून कळवले होते की, मी अमुक दिवशी, सकाळी दहा वाजता, माझा गहू पुलावरून नेणार आहे. बरोबर दहाला आम्ही नाक्यावर पोहोचलो. हवालदार ताईला लहानपणापासून ओळखत होता. तो खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "ताई, ताडपत्री टाकून मागच्या कच्च्या रस्त्यानं गेला असतात तर मी काही बघितलंच नसतं."

"म्हणूनच इथून आले," ताई म्हणाली. "माझा गहू आहे. चोरीचा असल्यासारखा का नेऊ?"

हवालदाराने डोके खाजवले, पण त्याचाही नाइलाज होता. मला नाक्यामागच्या आवारात नेऊन उभे केले गेले. ताईला न्यायालयात जावे लागले. न्यायाधीश चांगले होते. ते म्हणाले, "पुन्हा असं करणार नाही, एवढं लिहून द्या आणि घरी जा." ताई म्हणाली, "लिहून दिलं तर ते खोटं ठरेल, साहेब. मी पुन्हा नेणार आहे." तिला चौदा दिवसांची कैद झाली. सुटल्यावर तिने वरच्या न्यायालयात दाद मागितली. त्यामुळे खटला चालू राहिला, आणि खटला संपेपर्यंत मी आणि माझ्यातला गहू पुरावा ठरलो.

मित्रांनो, पुरावा होणे फार वाईट. कोणी तुम्हाला हात लावत नाही आणि कोणी तुम्हाला सोडतही नाही. माझ्या टायरांतली हवा गेली. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. कोणीतरी माझा डावा दरवाजाच उचलून नेला. मग ताडपत्री फाटली आणि पाणी आत आले. ज्या घट्ट हौद्याचे सगळ्यांनी कौतुक केले होते, त्यातून ते पाणी बाहेरच पडेना. गहू माझ्या पाठीवर भिजत राहिला. मला तो फुगताना जाणवत होता आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

चौथ्या महिन्यात एक दिवस बाबा काठी टेकत आवारात आले. हवालदाराला म्हणाले, "मी आपला गाडी बघायला आलोय." त्यांनी ताडपत्रीची गाठ सोडली. पोत्यांच्या विणीतून हिरवे कोंब वर आले होते. खालची पोती काळी पडली होती आणि त्यांना आंबूस घाण येत होती. 

"हवालदार, वेळेवर काढून पसरला असता तर निदान जनावरांना तरी चालला असता हो."

"चार पत्रं लिहिली मी वर. पुरावा आहे, हात लावायचा नाही, असं उत्तर आलं."

"कसला पुरावा?"

"ताईंनी गहू पिकवला आणि नेला, याचा."

बाबांनी विचारले, "मंडळाचं कोणी आलं होतं का बघायला?" हवालदाराने नकारार्थी मान हलवली. मग तो म्हणाला, "मी जरा आत जाऊन येतो, बाबा," आणि आत गेला. चांगला अर्धा तास तो बाहेर आला नाही. बाबांनी रुमाल पसरला, कोंब फुटलेला मूठभर गहू त्यात बांधला, आणि फाटकी ताडपत्री पुन्हा नीट आवळून बांधून ते निघून गेले.

पुढचे मी ऐकलेले सांगतो. मंडळाच्या वार्षिक सभेत बाबा जुने सभासद म्हणून पहिल्या रांगेत बसत. त्या वर्षी ते उठले आणि त्यांनी तो रुमाल अध्यक्षांच्या टेबलावर सोडला. ते म्हणाले, "आमचा दाणा मातीमोल होत होता, म्हणून आम्ही हे मंडळ काढलं. आज मंडळाच्याच नियमानं दाणा कुजला. माझी मुलगी गुन्हेगार असेल. पण तिनं गहू कुजवला नाही."

अध्यक्ष म्हणाले, "हा विषय आजच्या यादीत नाही."

"मग घ्या यादीत," बाबा म्हणाले आणि उभेच राहिले. त्यांच्यामागे एकेक करून पुष्कळ लोक उभे राहिले.

ताई सभागृहात मागे बसली होती. बाबा बोलणार आहेत हे तिला ठाऊकच नव्हते. सभा संपल्यावर दोघे बाहेर समोरासमोर आले. कित्येक महिन्यांनी बाबांनी तिला विचारले, "माझी काठी कुठं ठेवलीस?"

"हातातच आहे तुमच्या, बाबा," ताई म्हणाली. एवढ्यावर भांडण मिटले.

नियम बदलायला मात्र आणखी दीड वर्ष लागले. शेवटी मतदान झाले आणि थोडक्या मतांच्या फरकाने ठरले की, ज्याला मंडळाला द्यायचा त्याने मंडळाला द्यावा, ज्याला स्वतः विकायचा त्याने स्वतः विकावा. खटला मागे घेतला गेला आणि माझी सुटका झाली. ताईने स्वतः माझा हौदा खरवडून धुतला. तळाच्या सहा फळ्या बदलाव्या लागल्या. मेकॅनिकने भंगारातून हिरवा दरवाजा आणून बसवला.

तुम्हाला वाटेल, आता सगळे सुरळीत झाले असेल. पण तसे काही झाले नाही. ताई गहू घेऊन बेकरीवाल्या मावशींकडे गेली, तर त्यांनी दुसरीकडून पीठ घ्यायला सुरुवात केली होती. "काय करू गं? भट्टी रोज पेटते. ती काही वाट बघत नाही," मावशी म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटले. मग आम्ही नवे गिऱ्हाईक शोधत दारोदार फिरू लागलो. बाबाही हट्टाने शेजारी येऊन बसत.

असेच एकदा आम्ही एका गिरणीत गेलो. मालक गोडबोल्या होता. त्याने भावही चांगला सांगितला. पोती उतरवायच्या आधी बाबा काठी ताईच्या हाती देऊन स्वतःच काट्यावर चढले.

"काल दवाखान्यात मी त्रेसष्ट किलो भरलो," ते म्हणाले. "इथं अठ्ठावन्न. पाच किलो बाबा वाटेत सांडले की काय?"

"काटा जरा जुना आहे हो," मालक कसनुसा हसला.

"मीही जुनाच आहे. गाडी वळव, पोरी."

ताईने मला वळवले. मी भरलेला परत निघालो. इतक्या वर्षांत धान्य घेऊन गेलेला मी भरलेला कधीच परत आलो नव्हतो. नेलेला गहू घरी आणता येतो, हेच मला ठाऊक नव्हते. चढावर माझे इंजिन धापा टाकत होते. आत मात्र बापलेक पोट धरून हसत होते.

तो गहू पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका गिरणीने घेतला आणि आजही घेते. मंडळही बंद पडले नाही. आता तिथे वेगवेगळ्या गव्हाला वेगळे कप्पे आहेत, आणि ताई आपला निम्मा गहू आपणहून तिथेच देते.

मित्रांनो, मी आता लांबच्या फेऱ्या करत नाही. शेतातून घरापर्यंत, एवढेच. तुम्हाला एकच विनंती करतो. एखादी गोष्ट जुनी झाली म्हणून तिला मोडीत काढू नका, आणि जुनी आहे म्हणून डोळे मिटून मानही डोलवू नका. अधूनमधून बॉनेट उघडून आत बघा. चांगले आहे त्याला तेलपाणी करा, झिजले आहे ते बदला. गाडी असो, नाहीतर माणसांनी मिळून घातलेला नियम असो, न बघता नुसता उभा ठेवला की तो गंजतो.

ताई हातात पाना घेऊन येताना दिसते आहे. आज माझे ऑइल बदलायचे आहे.