न्हावरा फाट्यावरचा फ्लेक्स

“चौथी म्हंजी चौथीच. पदक तिसऱ्यापतोर. चौथ्याला निस्त्या टाळ्या,” हौसराव आप्पांनी निकाल देऊन टाकला आणि ते खुर्चीत मागे रेलले.

दुकानात खुर्ची एकच होती आणि ती आप्पांची, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं. दुकानाचे मालक अयुबभाई शेख खाली पाटावर बसून एका शाळकरी मुलाच्या सायकलचं वाकडं चाक फिरवून फिरवून सरळ करत होते. शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या या सायकल दुरुस्तीच्या दुकानात संध्याकाळी गिऱ्हाइकं कमी आणि जाणकार जास्त असायचे. विषय एकच, अयुबभाईंची मुलगी सुफिया. पुण्याच्या एका कंपनीच्या टीमकडून ती पगारावर सायकल शर्यती खेळायची. लग्न होऊन दौंडला राहायची आणि आता पस्तिशीला आली होती. शर्यतींचा हंगाम नुकताच संपला होता, शेवटच्या शर्यतीत ती चौथी आली होती आणि टीमचा करार दर वर्षी याच दिवसांत नवा व्हायचा. त्यामुळे जाणकारांना चेव आला होता.

“आप्पा, नंबर काय बघताय, डेटा बघा,” सतीश म्हणाला. तो रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि सुफियाच्या झाडून सगळ्या शर्यतींचे वेग त्याच्या मोबाईलमध्ये होते. “चढाला तिचा स्पीड कमी झालाय, मान्य. पण सपाटीला आजबी पोरींना ऐकत न्हाई. तिचा रोल बदललाय. ती आता टीमची सीनियर हाय. नव्या पोरींच्या पुढं ऱ्हाऊन वारा आडवायचा, त्यांना पाणी आणून द्यायचं…”

“पाणी आणून द्यायचं?” आप्पा खुर्चीतून पुढे सरसावले. “आपल्या शिरूरची पोरगी दुसरीचं पाणी वाहणार? आन् नाशकात काय केलं तिनं? टीममधल्या त्या ऋतिकाचं चाक पंक्चर झालं, तर हिनं सोताचं चाक काढून दिलं! ती काल आलेली पोरगी पैली आली, आन् आपली रस्त्याच्या कडंला उभी, टीमच्या गाडीची वाट बघत. ह्याला रेस म्हणत्यात का दानधर्म?”

“टीमचा गेम असतोय त्यो.”

“असंल. मला न्हाई पटला.”

दुकानाच्या पायरीशी भाजी घेऊन बसणाऱ्या कुशाबाईंनी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता तोंड घातलं. सतीशच्या मोबाईलपलीकडे त्यांनी शर्यत कधी पाहिली नव्हती, पण म्हणून मत द्यायचं राहतंय थोडंच! “तुमी चाकं बघताय, मी त्वांड बघती. आदी रेस संपली की पोरगी हासायची, हारली तरीबी. औंदा एकदाबी हासली न्हाई. थकलंय लेकरू.”

अयुबभाईंच्या हातातलं चाक फिरायचं थांबलं.

अयुबभाई या चर्चेत कधीच पडत नसत. अठरा वर्षांपूर्वी सुफिया पहिल्यांदा जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा त्यांनी गल्लीभर फिरून लेकीचं कौतुक केलं होतं. आठवडाही झाला नसेल, सरावाला गेलेली पोरगी उसाच्या ट्रॉलीला धडकली आणि हात मोडून घेऊन आली. “बापाचीच नजर लागती लेकराला,” बायको म्हणाली होती. बायको गेली, पण तिचं हे बोलणं अयुबभाईंनी जपून ठेवलं. त्यानंतर लेकीबद्दल चांगला शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. लोकांसमोर नाही आणि तिच्यासमोर तर नाहीच. ती पदक घेऊन घरी आली की ते पदक बाजूला ठेवायचे आणि तिच्या सायकलची साखळी तपासायला बसायचे. पोरीला काय वाटत असेल, हे कळत नव्हतं असं नाही. पण जीव वाचतोय ना, मग वाटू दे, असा त्यांचा हिशेब होता.

आणि यंदा तर तो हिशेबही चुकला. बेळगावच्या शर्यतीत उतारावर सात-आठ जणी एकमेकींवर आदळल्या. अयुबभाई सतीशच्या मोबाईलवर बघत होते. ढिगात सुफियाचं निळं हेल्मेट दिसलं आणि नेमकं तिथेच चित्र अडकलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. पोर उठली की नाही, काही कळेना. चित्र पुन्हा चालू झालं तेव्हा शर्यत पुढे गेलेली होती. मग दुपारी जावयाचा, अफताबचा फोन आला की खांद्याचं हाड मोडलंय, बाकी ठीक आहे. त्या दिवसापासून अयुबभाईंचा जीव टांगणीला लागला होता. पोरीनं आता थांबावं, एवढंच त्यांना वाटत होतं, आणि हे तिला सांगायची छाती होत नव्हती.

“मी काय म्हणतो,” आप्पांनी आवाज खाली आणला, म्हणजे आता ठराव येणार हे सगळ्यांनी ओळखलं. “टीमनं काढून टाकायच्या आदी आपण मानानं थांबवू तिला. नागरी सत्कार करू. फेटा, शाल, मिरवणूक. तिनं शिरूरचं नाव केलंय, आपण का मागं ऱ्हायचं? काय अयुबभाई, बरुबर हाय का न्हाई?”

अयुबभाईंनी मान हलवली. मनात जे होतं तेच आप्पा बोलले होते, मान आपसूक हलली. आपण काय केलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतायत तोच सुफियाचा फोन आला.

“अब्बा, न्हावऱ्यात चहाला थांबलेय. सायकलवरच येतीय. तुमच्याशी बोलायचंय.”

“काय गं? बरी हायस ना?”

“बरी हाय. फोनवर नको. आले की सांगते.”

फोन ठेवून अयुबभाई तसेच उभे राहिले. फोनवर नको असं काय असेल? खांदा पुन्हा दुखावला की काय? की करार झाला, आणि पुन्हा वर्षभर तेच, तो मोबाईल आणि ते गोल चक्र? एवढ्यात कुशाबाई मार्केट यार्डातून भाजीची पाटी घेऊन आल्या.

“अयुबभाई, फाट्यावर सुफियाचा केवढा मोठा फोटू लावलाय! पार खांबाच्या टोकाला टेकलाय.”

“कुणी लावलाय? काय लिवलंय?”

“मला मेलीला वाचाया कुठं येतंय? खाली आप्पाचाबी फोटू हाय, हात जोडून.”

दुकान कुशाबाईंच्या भरवशावर टाकून अयुबभाईंनी सायकल काढली. सहासष्ट वर्षांच्या माणसानं मारू नये एवढ्या जोरात पायडल मारत ते न्हावरा फाट्यावर पोचले.

फ्लेक्स रस्त्यावर आडवा, दोन खांबांना बांधलेला होता. फोटो दहा वर्षांपूर्वीचा, गळ्यात पदक. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शिरूरची शान सुफिया अयुब शेख हिला निवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा!’ खाली हौसराव आप्पा आणि मित्रमंडळ. फ्लेक्सवाल्या विक्रमनं रातोरात छापून दिलेला दिसत होता. आप्पांच्या कामात दिरंगाई नसते, हाच आप्पांचा मोठा गुण आणि हाच मोठा घोळ. एक पोरगा गाडी थांबवून मोबाईलवर त्याचा फोटो काढत होता.

पोरीनं अजून तोंडातून शब्द काढला नव्हता आणि गावानं तिला निरोप देऊन टाकला होता. हा फोटो टीमच्या साहेबांपर्यंत जायला कितीसा वेळ? आणि सुफिया याच रस्त्यानं येणार, याच फ्लेक्सखालून. तिला वाटणार, बापानं आपल्या पाठीमागं सगळं ठरवलं. वाटणार कशाला, तसंच तर झालं होतं.

त्यांनी आप्पांना फोन लावला. आप्पांनी उचलला नाही. मग ते कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गेले, त्याची शिडी मागून आणली आणि खांबाला लावली. वर चढण्याआधी क्षणभर थांबले. या भागात फ्लेक्स फाटला की डोकी फुटतात, हे त्यांना ठाऊक होतं. आणि हौसरावांचा फोटो अयुबनं उतरवला म्हटल्यावर कुणाच्या तोंडून काय काय निघेल, तेही ठाऊक होतं. उभ्या जन्मात कुणाशी भांडण केलं नव्हतं ते याच भीतीनं. पण लेक वाटेत होती. ते चढले.

एका बाजूच्या दोऱ्या सोडून होईपर्यंत खाली पाच-पंचवीस माणसं जमली. मग बुलेट आली.

“अयुबभाई! ह्ये काय चालवलंय?” आप्पांचा आवाज फाट्यावर घुमला. “माझा फोटू हाय त्येच्यावर!”

“तुमचा फोटू फाटणार न्हाई, आप्पा. दोऱ्या सोडतोय.”

“पण का? काल तुमीच मान हालवली!”

“हालवली. चुकलो.” अयुबभाईंनी खाली बघितलं नाही. शिडी दुसऱ्या खांबाला लावून ते पुन्हा चढायला लागले होते. “ती सोता अजून बोलली न्हाई, आप्पा. तिच्या आदी तुमी बोलायचं न्हाई आन् मीबी बोलायचं न्हाई.”

अयुबभाई आपल्याशी एवढ्या आवाजात बोलू शकतात, हे आप्पांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. ते शिडीपाशी आले. जमलेल्या लोकांना वाटलं, आता ओढतात की काय. आप्पांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. “पाय नीट टाका. लटलट हालतंय ह्ये. पडला तर माझ्या नावानं बोंब व्हायची,” ते करवादले.

शेवटची गाठ सुटत नव्हती. अयुबभाई एका हातानं खांब धरून दातांनी दोरी ओढत होते, तेव्हाच खालून हाक आली.

“अब्बा! नीचे उतरो पहले!”

सुफिया सायकलवरून अर्धी उतरलेली, हेल्मेट डोक्यावर तसंच. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बापाला पडताना बघायची भीती काय असते, ते तिला त्या घटकेला कळत होतं. अयुबभाईंना वाईटही वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

गाठ सुटली. फ्लेक्स अख्खा रस्त्यावर पसरला, अक्षरं वर करून. आता लपवायला काही उरलं नाही. सुफियानं तो सावकाश वाचला.

“हे कुणी ठरवलं?”

आप्पा बुलेटकडे बघायला लागले. अयुबभाई शिडीवरून उतरले.

“आप्पांनी विचारलं आन् मी मान हालवली,” ते म्हणाले. “बेळगावला तू पडलीस तवापासून मला लई भ्या वाटतंय बेटा. म्हणून हालली.”

सुफिया वाकली आणि तिनं फ्लेक्सची दोन टोकं उचलली. “तिकडून धरा, अब्बा.”

घरी चादरीची घडी घालावी तशी दोघं घडी घालू लागली. तिच्या तोंडावरून घडी गेली, मग पदकावरून गेली. प्रत्येक घडीला ती एक पाऊल पुढे यायची आणि ते एक पाऊल पुढे जायचे. शेवटची टोकं हातात देताना ती अगदी जवळ आली, तेव्हा हळू आवाजात म्हणाली, “परवा टीमचा फोन आला, अब्बा. पुढचा करार नाही. दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळायच्या आत सांगायला आले.”

खरं तर अयुबभाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. झालं, संपलं. आता पडणं नाही, हाड मोडणं नाही. पण आतून काहीतरी उसळून वर आलं आणि ते त्यांना थोपवता येईना.

“न्हाई म्हंजी? त्यांना काय कळतंय?” ते ओरडलेच. “नाशकात चाक कुणी दिलं? मी बघत होतो. सोताचं चाक काढून देताना तुझा हात एकदाबी अडला न्हाई. त्या पोरीच्या पदकात तुझं चाक हाय, ते न्हाई दिसलं त्यांना? बेळगावच्या चढाला सगळ्या उभ्या ऱ्हाऊन पायडल मारत होत्या, तू बसून मारत होतीस. बसून! सायकल इकडची तिकडं झाली न्हाई. माझा जल्म ह्याच धंद्यात गेला बेटा, तुझ्यावानी सायकल मी कुणाची बघितली न्हाई. कुणाची म्हंजी कुणाचीच न्हाई.”

नजर, बायकोचं बोलणं, सगळं त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून साफ उडालं होतं. सतीश रात्रपाळी करून कारखान्याच्या बसमधून नुकताच उतरला होता, तोही गर्दीत येऊन ऐकत होता. सुफियानं घडी छातीशी धरली होती. डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत.

“आणखी काय बघितलंत, अब्बा?” तिनं विचारलं.

आणि अयुबभाई सांगत राहिले. अठरा वर्षांचं साचलेलं होतं. न्हावऱ्याकडून आलेले उसाचे ट्रक मागे हॉर्नवर हॉर्न देत होते. हौसराव आप्पा रस्त्याच्या मधोमध गेले आणि त्यांनी हात आडवा धरून सगळी वाहतूक थांबवून ठेवली.