न बुडालेले घटिकापात्र

इयत्ता आठवीचे घटिकापात्र वर्गात चोवीस मिनिटांत बुडत असे. नगरसेवक शाळेत आले तेव्हा त्याला एकतीस मिनिटे लागली, संस्थेचे अध्यक्ष आले तेव्हा त्रेचाळीस. आणि ‘कालविज्ञान’ या विषयावर गावोगाव व्याख्याने देणारे पुण्याचे गृहस्थ आले, तेव्हा ते बुडालेच नाही.

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची गोल वाटी. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची; भोकातून पाणी आत चढते, आणि वाटी बुडाली की एक घटका झाली. घड्याळांचा इतिहास शिकवताना विज्ञानाच्या दीक्षा बनसोडे बाईंनी ती मुलांकडूनच करवून घेतली होती. भोक मोठे झाले तेव्हा डाग देऊन बुजवले, पुन्हा पाडले, आणि मनगटावरच्या घड्याळाशी मेळ बसेपर्यंत मुलांची सुटका केली नाही.

पुण्याच्या पाहुण्यांपुढे वाटी तरंगत राहिली तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. यंत्र बंद पडल्याबद्दल टाळ्या पडण्याचा सोलापुरातला तो बहुधा पहिलाच प्रसंग. पाहुण्यांनी डोळे मिटून खुलासा केला की, अधिकारी पुरुषाच्या सान्निध्यात काळाची गती मंदावते. पुढे गाडी चुकू नये म्हणून ते चहा अर्धा टाकून उठले. रेल्वेच्या काळाला त्यांचे सान्निध्य जाणवत नसावे.

पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापक मुकुंद सरांनी बाईंना कार्यालयात बोलावले. अध्यक्ष वीरभद्रप्पा अण्णा तिथे पान चघळत बसले होते.

“उद्या पहिल्या तासाला आठवीला हेच शिकवा,” सर म्हणाले. “भिंतीवर फलकही रंगवून घेतोय. ‘येथे काळ थांबला.’”

“सर, वाटी का बुडाली नाही, ते अजून कुणी पाहिलेलं नाही.”

“अख्ख्या सभागृहानं पाहिलं की,” अण्णा म्हणाले.

“बुडाली नाही एवढं पाहिलं, अण्णा. का, ते नाही.”

“काळसुद्धा माणूस वळखतो, बाई. नगरसेवकासाठी थोडा थांबला, माझ्यासाठी जरा जास्त, त्यांच्यासाठी पुरता. बरोबर जमतंय की.”

“फारच बरोबर जमतंय,” बाई म्हणाल्या.

“मग तुमच्याकडं दुसरं कारण हाय का?”

नव्हते.

“उद्या सकाळपर्यंत सापडलं तर सांगा,” सर म्हणाले. “नाहीतर फलकावर आहे तेच शिकवायचं. जमत नसेल तर आठवीचं विज्ञान दुसऱ्या कुणाला देतो.”

बाई व्हरांड्यात आल्या. जी मुले भोक पाडून, मोजून, चुकून, पुन्हा मोजून एका निष्कर्षाला आली होती, त्यांच्यासमोर उभे राहून हे सांगायचे? वाटीला पदे कळत नाहीत. तेव्हा पाहुण्याच्या मोठेपणाबरोबर वाढणारे काहीतरी वाटीपर्यंत पोहोचत असले पाहिजे. भाषणे वाढतात, हार वाढतात. पण वाटीला स्पर्श होतो तो फक्त कार्यक्रमाआधी होणाऱ्या तिच्या पूजेचा. आणि पूजेच्या वेळी बाई दर खेपेस बाहेर मैदानावर असत. पूजेत उभे न राहणे हा त्यांच्या घरचा रिवाज होता. शाळेत त्याबद्दल त्यांना कुणी विचारत नसे. आपसांत बोलत मात्र सगळे.

त्या तडक मोरीकडे गेल्या. शिपाई सोमलिंग मामांच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात चिंचेचा गोळा.

“मामा, थांबा. घासू नका.”

“अवो, पूजेचं भांडं हाय. तसंच कसं ठिवायचं? दर टायमाला लगेच घासतो मी.”

“म्हणूनच तर दुसऱ्या दिवशी ती नीट चालते. मला सांगा, पूजेला वाटी कशी मांडता?”

“पालथी की. तिला बूड कुटं हाय? उताणी ठिवली तर लोळतीया.”

बाईंनी वाटी हातात घेतली, तळ निरखला, आणि ती तशीच कपाटात कुलूपबंद केली.

सकाळी सर आणि अण्णा आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. बाईंनी वाटी पाण्यावर सोडली. ती तरंगत राहिली.

“बघा,” अण्णा म्हणाले, “पाहुणं गेलं तरी पुण्याई हाय.”

बाईंनी वाटी उचलली, टाचणीने तळ कोरला आणि पुन्हा सोडली. चोवीस मिनिटांनी ती बुडाली. मुले हसली. सर रंगाऱ्याला परत पाठवायला उठले.

मग बाईंनी फळ्यावर कारण लिहिले. तळ गोल असल्याने वाटी पूजेत पालथी ठेवली जाते. पालथ्या वाटीचा सर्वांत उंच भाग म्हणजे भोकाची जागा, आणि हळदकुंकवाचे बोट टेकते ते तिथेच. पाहुणा जितका मोठा, तितकी पुढे सरसावून बोट लावणारी माणसे अधिक. जितकी बोटे, तितका थर जाड आणि भोक अरुंद. कालच्या पूजेत ओल्या कुंकवावर अक्षताही दाबल्या गेल्या. त्यांतला एक दाणा भोकात रुतून बसला. पाणी आत जाऊ शकले नाही, म्हणून वाटी बुडाली नाही.