बाबांच्या आवाजातली टकटक

बेसा भागातल्या वैभवच्या छोट्या स्टुडिओत तीन दिवसांपासून नातेवाइकांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षश्राद्धाला वाजवायचं म्हणून तो वडिलांचं, ताराचंदबाबांचं, भजन जुन्या डिजिटल रेकॉर्डरमधून कॉम्प्युटरवर घेत होता आणि त्यात मधूनमधून, अगदी तालात, 'टक्... टक्' ऐकू येत होतं. बाबांनी जन्मभर हातमाग चालवलेला. दुसऱ्या कुणाला घड्याळ वाटलं असतं. या विणकरांच्या गोतावळ्याला मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा वाटला.

"आत्मा अडकून राहिला गा मागात," नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी बोलावलेले भैयाजी महाराज डोळे मिटून म्हणाले. "अतृप्त लहरी आहेत. माग माझ्या आश्रमात आणा. टकटक थांबेस्तोवर घरच्या माऊलीनं अन्न-औषध शिवू नये." लहरी हा महाराजांचा लाडका शब्द, पंखा कुरकुरला तरी त्यांना लहरच दिसे.

वैभवची आई पुष्पलता तेव्हापासून, म्हणजे तीन दिवस, उपाशी होती. रक्तदाबाच्या गोळ्याही बंद. आता तिला भिंत धरूनही उठवेना. वैभवने रेकॉर्डरची तार बदलली, तिच्या पाया पडला, रडला. "ते मले बोलावून राहिले," एवढंच ती म्हणे. आई डोळ्यांदेखत जाणार, या भीतीने त्याचं डोकं चालेनासं झालं होतं.

त्याची बायको रोशनी शाळेत विज्ञान शिकवायची. महाराज पुन्हा आले तेव्हा तिने तोच रेकॉर्डर त्यांच्यापुढे धरला. "महाराज, लहरींचं पुन्हा सांगा ना. जपून ठेवू." महाराज खुलले, भरभरून बोलले. मग तिने ते बोलणं त्याच तारेतून कॉम्प्युटरवर वाजवलं.

"अतृप्त... टक्... लहरी... टक्..."

"तुम्ही तर जिवंत आहात, महाराज," रोशनी म्हणाली. "तुमच्या आवाजात कोण माग चालवून राहिलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज चपला शोधू लागले.

रोशनीने सगळ्यांना समजावलं. आवाज आकड्यांत साठतो. ते आकडे ठरावीक गतीने पाठवायला रेकॉर्डरमध्ये एक घड्याळ असतं, ते घ्यायला कॉम्प्युटरच्या ऑडिओ बॉक्समध्ये दुसरं. दोन्ही आपापल्या चालीने चालली की गतीतला बारीक फरक साठत जातो, एखादा आकडा निसटतो आणि टक् होतं. फरक सारखाच, म्हणून टकटकही तालात. एकाने मालक व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या मागून चालायचं. वैभवने दोघांनाही मालक करून ठेवलं होतं. तिने 'क्लॉक सोर्स'मध्ये, म्हणजे घड्याळ कोणाचं मानायचं त्या पर्यायात, रेकॉर्डरकडून येणारं घड्याळ निवडलं आणि भजन स्वच्छ वाजलं.

पुष्पलता ऐकत राहिली. "म्हणजे ते आलेच नव्हते?" तिने मुलाची बाही धरली, "पहिल्यासारखं कर गा, वैभव. ती टकटक परत लाव."

लावणं सोपं होतं. वैभवचा हात माउसपर्यंत गेलाही. मग त्याने आईसाठी आणून ठेवलेली पेजेची वाटी उचलली.

"आई, आवाज बाबांचा आहे. टकटक माझी चूक होती."

ती खूप रडली. रडता रडताच तिने तोंड उघडलं.

माणूस गेल्याचं दुःख खरं असतं, म्हणूनच त्याचा कुणाला बाजार मांडू देऊ नये. यंत्र चमत्कार करू लागलं तर आधी यंत्र तपासावं, आणि तोवर घरातल्या जिवंत माणसाला जेवू घालावं.